बंदुकीकडून बियाण्याकडे

मृग लागला की बाभुळगावच्या कृषी केंद्रांत कपाशीच्या पाकिटांसाठी गर्दी होते. पाकीट एका हंगामाचे. त्या झाडांची सरकी ठेवून पुढच्या साली पेरली तर पऱ्हाट्या एकसारख्या निघत नाहीत, हे इथे लहान पोरालाही ठाऊक असते. पण दोन वेगळ्या झाडांचा संकर म्हणजे नेमके काय, तो कुठवर जमतो आणि कुठे अडतो, या प्रश्नामागे आयुष्याची उमेदीची वर्षे घालवणारा एक माणूस शेजारच्या वर्ध्यात जन्मला होता. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे नाव घेतले की लोकांना गदर पार्टी आठवते. वीणा गवाणकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे बऱ्याच वाचकांना मेक्सिकोही आठवतो. त्यांचे विज्ञान मात्र क्रांतीच्या गोष्टीखाली दबून राहिले.

खानखोजे १८८० च्या दशकात जन्मले. वडील अर्जनवीस होते. प्राथमिक शिक्षण वर्ध्याला झाले आणि पुढचे नागपूरला. ते शाळकरी वयात असताना मध्य प्रांत आणि वऱ्हाडाने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ सोसले. अन्न नसणे म्हणजे काय, हे त्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नाही. याच वयात त्यांच्यावर टिळकांचा प्रभाव पडला आणि लष्करी शिक्षण घेऊन देश स्वतंत्र करायचा, हे डोक्यात बसले. टिळकांच्या सल्ल्याने ते आधी जपानला गेले आणि तिथून अमेरिकेला.

अमेरिकेत त्यांनी एकाच वेळी दोन शिक्षणे घेतली. कॅलिफोर्नियात माउंट तमाल्पाइस लष्करी अकादमीत ते कवायत आणि बंदूक शिकले, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या कृषी महाविद्यालयांत शेतीशास्त्र. ओरेगॉनमधल्या लाकूडगिरण्यांतल्या हिंदी मजुरांना पंडित काशीराम यांच्यासोबत त्यांनी संघटित केले. १९१३ मध्ये गदर पार्टी उभी राहिली तेव्हा तिच्या पहिल्या फळीत ते होते. त्याच फळीतले विष्णू गणेश पिंगळे आणि कर्तारसिंग सराभा १९१५ च्या नोव्हेंबरात लाहोरला फासावर गेले. खानखोजे त्या वेळी इराण आणि बलुचिस्तानच्या बाजूने हिंदुस्थानची सरहद्द गाठायच्या खटपटीत होते. तिथे इंग्रजी फौजांशी लढणे, जखमी होणे, पकडले जाणे, निसटणे असे सगळे झाले. युद्ध संपल्यावर बर्लिन, १९२१ मध्ये इतर हिंदी क्रांतिकारकांबरोबर मॉस्को, आणि शेवटी हाती काहीच नाही. मायदेशी परतायचे तर तुरुंग ठरलेला. चाळिशीच्या आसपासचा हा माणूस १९२४ मध्ये मेक्सिकोत उतरला तेव्हा त्याच्याकडे विकण्याजोगी एकच गोष्ट होती, अमेरिकेत शिकलेले शेतीशास्त्र.

इथून पुढची कथा मक्याची आहे.

मेक्सिकोत १९१० पासून दहा वर्षे क्रांती चालली होती. जहागिरी मोडून जमीन गावांना वाटायची, असे १९१७ च्या राज्यघटनेत लिहिले गेले. पण जमीन हातात आली म्हणून पीक येत नाही. बी, खत, पाणी आणि माहिती या चार गोष्टी ज्याच्याकडे नाहीत, त्याला सातबारा मिळाला काय आणि नाही काय. राष्ट्रीय कृषी महाविद्यालय १९२४ मध्येच चापिंगो इथल्या एका जुन्या जहागिरीत हलवण्यात आले होते. मेक्सिको सिटीपासून जवळच हे ठिकाण आहे. तिथे खानखोजे प्राध्यापक झाले, आनुवंशशास्त्र आणि पीक सुधारणा शिकवू लागले आणि मक्याच्या वाणांवर प्रयोग करू लागले.

मका हे संकर शिकवायला फार सोयीचे झाड आहे. नर फुलांचा तुरा शेंड्याला, मादी फुलांचे कणीस खाली बगलेत. कणसाच्या टोकाला लोंबणाऱ्या केसांपैकी प्रत्येक केस एका दाण्यापर्यंत पोहोचतो. त्यावर परागकण पडला तर तो दाणा भरतो, नाही तर जागा रिकामी राहते. कोणत्या झाडाचा पराग कोणत्या कणसावर पाडायचा हे ठरवायला कागदाच्या पिशव्या पुरतात. तुऱ्यावर पिशवी, कणसावर पिशवी, आणि योग्य दिवशी हाताने पराग झटकायचा. आपल्याकडे कपाशीचे संकरित बी तयार करताना बाया कळ्यांतले पुंकेसर काढतात, त्या किचकट कामाच्या मानाने हे सोपे.

मेक्सिकोत मक्याचा एक रानटी भाऊबंद उगवतो. त्याला तेओसिंटे म्हणतात. पाहणाऱ्याला ते गवतच वाटेल. त्याचे कणीस बोटाएवढे, त्यात पाच ते बारा दाणे, आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या कवचात बंद. याच गवतातून माणसाने सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मका घडवला हे आज जनुकांच्या अभ्यासातून पक्के झाले आहे. १९२० आणि ३० च्या दशकांत मात्र त्यावर वाद चालू होता. बाहेरून इतके वेगळे दिसणारे हे दोघे आतून सख्खे आहेत. दोघांच्याही पेशीत २० गुणसूत्रे असतात, त्यामुळे त्यांचा संकर होतो आणि संकराला पुढे संततीही होते. काही भागांतले मेक्सिकन शेतकरी तर तेओसिंटेला शेताच्या कडेला मुद्दाम राहू देत, त्याच्या सहवासाने मका दणकट होतो या समजुतीने. त्या समजुतीत तथ्य होते. वारा पराग इकडून तिकडे नेत होताच.

खानखोजे यांनी हे वाऱ्याचे काम हातात घेतले. मका आणि तेओसिंटे यांचा संकर करायचा आणि त्या संततीतून हवी ती झाडे पिढ्यान्‌पिढ्या निवडत जायची. रानटी रक्त आले की काटकपणा येतो, पण त्याबरोबर बारीक दाणा, कठीण कवच आणि पसरट वाढही येते. नको ते गाळून हवे ते राखायला वर्षांमागून वर्षे जातात. या कामातून त्यांनी जे वाण काढले त्यांतला सर्वांत गाजलेला म्हणजे मका ग्रानादा, अर्थात डाळिंब मका. नेहमीच्या एका कणसाऐवजी हाताच्या बोटांसारखा कणसांचा झुपका, असे त्याचे रूप होते. त्याच काळात मेक्सिकोत राहणाऱ्या इटालियन छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी खानखोजे यांच्या मक्याची छायाचित्रे घेतली. दिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकाराने मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याच्या इमारतीवर काढलेल्या भित्तिचित्रात, गरिबांच्या पंगतीत मधोमध बसून भाकरी मोडणाऱ्या पुरुषाचा चेहरा खानखोजे यांचा म्हणून ओळखला जातो.

पण फक्त वाण काढून ते थांबले नाहीत, आणि त्यांच्या कामाचा हा भाग जास्त मोलाचा वाटतो. १९२८ च्या सुमारास त्यांनी चापिंगोच्या आसपासच्या गावांत मुक्त शेतकी शाळा सुरू केल्या. त्यांतल्या एकीला एमिलियानो झपाटा या शेतकरी क्रांतिकारकाचे नाव दिले होते. ज्यांच्या बापजाद्यांनी जहागीरदारांकडे वेठ केली होती, ते शेतकरी इथे बी निवडायला आणि पिकाची निगा राखायला शिकत. संशोधन केंद्राच्या कुंपणाआड बी तयार होणार आणि शेतकऱ्याने ते फक्त विकत घ्यायचे, या रीतीच्या हे नेमके उलट होते. अमेरिकेत याच सुमाराला दुहेरी संकराचा मका बाजारात येत होता. त्याचे उत्पादन भरघोस होते, पण बी दरवर्षी कंपनीकडून घ्यावे लागे. त्याला दुसरा इलाज नव्हता. पहिल्या पिढीचा जोम दुसऱ्या पिढीत फुटून जातो, हा निसर्गाचाच नियम आहे. तरीही त्या नियमाचा फायदा कुणाला व्हावा, हे माणसे ठरवतात.

मक्याच्या संदर्भात आरोग्याची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मेक्सिकन बायका शतकानुशतके मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर भिजवून, मग वाटून त्याची पोळी करतात. मक्यातले नायसिन हे ब जीवनसत्त्व दाण्यात बांधलेले असते. चुन्याने ते मोकळे होऊन शरीराला मिळते. मका युरोपात आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत गेला, पण चुन्याची रीत त्याच्याबरोबर गेली नाही. परिणाम म्हणजे पेलाग्रा: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे खरबरीत पट्टे, जुलाब, आणि शेवटी भ्रम. हा रोग संसर्गजन्य नसून आहारातला आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवले. आपल्याकडे दख्खनमध्ये ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब मजुरांतही पेलाग्रा आढळला आणि हैदराबादच्या पोषण संशोधकांनी १९६० च्या सुमारास त्याची नोंद केली. पीक नेले आणि त्यामागचे शहाणपण मागे राहिले की असे होते. खेड्यातल्या माणसाबरोबर बसून काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचे महत्त्व कळायला हे उदाहरण पुरे आहे.

१९३६ मध्ये खानखोजे यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केले. त्यांना सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. पुढे १९४३ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठान आणि मेक्सिको सरकार यांचा मोठा शेती कार्यक्रम सुरू झाला, १९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग तिथे आले, आणि मेक्सिकन शेतीचा रोख ओलिताखालच्या मोठ्या शेतांकडे आणि गव्हाकडे वळला. हरित क्रांतीची ती सुरुवात होती आणि तिने पुढे भारतासकट अनेक देशांची पोटे भरली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र गावोगावच्या मुक्त शाळांची वाट त्यात मागे पडली.

देश स्वतंत्र झाल्यावर १९४९ मध्ये मध्य प्रांताच्या सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावले. चार दशकांनी परतलेल्या या माणसाला विमानतळावर अडवण्यात आले, कारण इंग्रजांच्या काळ्या यादीतले त्यांचे नाव कुणी खोडलेच नव्हते. ते पुन्हा मेक्सिकोला गेले आणि १९५५ मध्ये कायमचे नागपूरला आले.

ते नागपुरात राहत असताना, १९६० मध्ये, इंग्लंडात नॉटिंगहॅमला एडवर्ड कॉकिंग यांनी एक प्रयोग यशस्वी केला. संकराची जी हद्द खानखोजे यांच्या पिढीला ओलांडता येत नव्हती, तिला या प्रयोगाने वेगळ्याच बाजूने हात घातला.

हद्द कोणती, ते कपाशीवरून समजेल. आपल्या गावरान कपाशीत २६ गुणसूत्रे असतात आणि अमेरिकन कपाशीत ५२. गावरान झाड कोरड्यात तग धरते, रसशोषक किडींना सहजी दबत नाही. हे गुण अमेरिकन कपाशीत आणावेत असे कुणालाही वाटेल. पण दोघांचा संकर केला तर संततीत ३९ गुणसूत्रे येतात. जोड्या जमत नाहीत आणि झाड वांझ निघते. गुणसूत्रे दुप्पट करून काही वेळा वाट काढता येते, आणि त्यासाठी वापरतात ते कोल्चिसिन. गाऊटच्या रुग्णांना देतात तेच औषध. तरी ही वाट अवघड आहे. मका आणि तेओसिंटे सख्खे म्हणून जमले. नाते जितके लांबचे, तितका परागकण निरुपयोगी.

मग पराग वगळून दोन झाडांच्या साध्या पेशीच एक केल्या तर? अडचण अशी की वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोजची टणक भिंत असते. कॉकिंग यांनी टोमॅटोच्या मुळांतल्या पेशींची ही भिंत बुरशीपासून मिळवलेल्या विकरांनी विरघळवली. मागे उरते ती पातळ पटलातली गोल, नागडी पेशी. तिला प्रोटोप्लास्ट म्हणतात. साध्या पाण्यात ती फुगून फुटते, म्हणून साखरेसारख्या द्रव्याच्या दाट द्रावणात ठेवावी लागते. भिंत नसल्याने तिच्यात बाहेरून जनुके सोडता येतात. दोन वेगळ्या वनस्पतींचे प्रोटोप्लास्ट एका रसायनाच्या साहाय्याने चिकटवले तर ते एकमेकांत मिसळून एक पेशी होते.

जिवाणूंच्या बाबतीत हे आधीच झाले होते, आणि त्यात पेनिसिलिनचा वाटा आहे. पेनिसिलिन जिवाणूला भिंत बांधू देत नाही. आपल्या शरीरातल्या पेशींना भिंतच नसते, म्हणून हे औषध जिवाणूला मारते आणि आपल्या पेशींना धक्का लावत नाही. अशा भिंत नसलेल्या जिवाणूला दाट द्रावणात ठेवले तर तो मरत नाही, गोल होऊन राहतो, हे जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५६ मध्ये दाखवले. पुढे १९७० च्या दशकात असे जिवाणू एकमेकांत मिसळून त्यांच्या जनुकांची अदलाबदल घडवता येऊ लागली. स्ट्रेप्टोमायसिन ज्या कुळातल्या जिवाणूंपासून मिळते, त्या कुळातही हे जमले आणि प्रतिजैविके बनवणाऱ्यांना जास्त उत्पादन देणारे जिवाणू शोधायला नवे साधन मिळाले.

खानखोजे २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात वारले. वनस्पतींतले मोठे यश त्यानंतरचे. १९७१ मध्ये जपानचे ताकेबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखूच्या एकेका प्रोटोप्लास्टपासून अख्खे झाड वाढवले. १९७२ मध्ये तंबाखूच्या दोन जातींचे प्रोटोप्लास्ट मिसळून पराग न वापरता संकर झाला. १९७८ मध्ये जर्मनीत मेल्खर्स यांनी बटाटा आणि टोमॅटो एक केले. वर टोमॅटो आणि खाली बटाटे अशी स्वप्ने वर्तमानपत्रांनी तेव्हा रंगवली. प्रत्यक्षात त्या झाडाला धड बटाटेही आले नाहीत आणि धड टोमॅटोही नाहीत. लांबच्या नातेवाइकांची सगळी जनुके एका खोलीत कोंबली की ती एकत्र नांदतीलच असे नसते. उपयोग झाला तो जवळच्या, पण पराग जुळत नसलेल्या जातींत. बटाट्यात रानटी जातींकडून विषाणूंविरुद्धची ताकद आली. विदर्भाला जवळचे उदाहरण लिंबूवर्गाचे आहे: संत्र्याची कलमे आपण जंबेरी किंवा रंगपूर लाईमच्या खुंटावर बांधतो, तसे खुंट प्रोटोप्लास्टच्या संकरातून तयार करण्याचे काम फ्लोरिडात अनेक वर्षे चालू आहे.

आणि मका? १९८६ मध्ये मक्याच्या प्रोटोप्लास्टमध्ये विजेच्या झटक्याने परके जनुक घालता आले. १९८८ मध्ये अशा पेशींपासून झाडेही उभी राहिली, पण ती वांझ होती. सुपीक झाडे १९९० मध्ये मिळाली ती दुसऱ्याच पद्धतीने, पेशीवर जनुकांच्या सूक्ष्म गोळ्या झाडून.

कपाशीची गोष्ट आणखी हट्टी. तिच्या बहुतेक वाणांत सुट्या पेशीपासून झाड उभे करणे अतिशय कठीण जाते. म्हणून बोंडअळीविरुद्धचे बीटी जनुक प्रथम अमेरिकेतल्या कोकर ३१२ या वाणात घातले गेले, कारण त्याच्या पेशींपासून झाड वाढते. ते घालण्यासाठीही प्रोटोप्लास्ट नव्हे, तर मातीत राहणारा एक जिवाणू कामी आला. भारतात २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीत हे जनुक कोकरमधून आपल्या वाणांत आणले गेले ते मात्र पराग हाताने लावून, पिढ्यान्‌पिढ्या संकर आणि निवड करत. चापिंगोच्या शेतात कागदाच्या पिशव्या बांधून खानखोजे करत होते, त्याच जुन्या पद्धतीने.